वाइनची खोली, मुंबईची हवा आणि डक्टची यंत्रणा

या वेळी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे घरातल्या वाइनच्या खोलीविषयी आणि ती थंड ठेवणाऱ्या डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या रुंद नळ्यांच्या, यंत्रणेविषयी होती. त्यांतले एक पत्र तर वाइनशी काहीही संबंध नसलेल्या, केवळ खालच्या मजल्यावर राहणाऱ्या वाचकाचे आहे. विषय एकच असल्याने ती सर्व एकत्र घेतली आहेत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : पुनर्विकासानंतर आम्हाला सातव्या मजल्यावर मिळालेल्या सदनिकेत आठ फूट लांब, सहा फूट रुंद आणि नऊ फूट उंच अशी एक बिनखिडकीची साठवणाची खोली आहे. तेथे सुमारे ३०० बाटल्या राहतील अशी वाइनची खोली करण्याचा विचार आहे. एका ठेकेदाराचे म्हणणे असे की, एक टनाचा इन्व्हर्टर एसी १६ अंशांवर लावून ठेवला की काम झाले. दुसऱ्याने परदेशी बनावटीचे डक्टचे युनिट सुचवले असून, आवाज येऊ नये म्हणून ते खोलीपासून तीस फुटांवर असलेल्या ड्राय बाल्कनीत बसवावे आणि फॉल्स सीलिंगमधून डक्ट आणावेत, असे तो म्हणतो. दोघांच्या दरांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कोणाचे ऐकावे?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : पहिल्याचे ऐकू नये. दुसऱ्याचे अर्धे ऐकावे, आणि तेही खोलीचे काम पूर्ण झाल्यानंतर. आपल्या पत्रात यंत्राविषयी बरेच आहे, पण भिंतींविषयी एक शब्दही नाही, आणि दोन्ही ठेकेदारांनी त्याबद्दल विचारलेही नसावे असे दिसते. मुंबईत वाइनच्या खोलीचा निकाल यंत्रापेक्षा भिंतींवर अधिक लागतो.

दीर्घकाळ ठेवायच्या वाइनला साधारण १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रता मानवते, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे या दोन्ही गोष्टी वारंवार वरखाली होऊन चालत नाहीत. घरगुती एसी माणसांसाठी बनवलेला असतो. त्याची क्षमता मोजली जाते तीच मुळी खोलीत २७ अंश आणि बाहेर ३५ अंश धरून. त्यामुळे १३ अंशांच्या खोलीत तो 'एक टन' एक टन उरत नाही, आणि रिमोटवर १६ च्या खाली आकडाही नसतो. त्याच्या सेन्सरला फसवून तापमान आणखी खाली नेणारी उपकरणे मिळतात, परंतु तशा वेळी कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्यांच्या जाळीवर, बर्फ धरतो. यापेक्षा मोठी अडचण आकाराची आहे, आणि ती समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागेल.

आपल्या खोलीच्या चारही भिंतींचे क्षेत्रफळ साधारण २३ चौरस मीटर भरते, तर छत आणि जमीन मिळून ९ चौरस मीटर. भोवतालची हवा ३२ अंश आणि आतली १३ अंश, म्हणजे फरक १९ अंशांचा, असे धरू. नऊ इंची विटांच्या उघड्या भिंतींतून साडेआठशे वॅटच्या आसपास आणि उघड्या स्लॅबांतून आणखी पाचशे वॅट उष्णता सतत आत येत राहील. दुहेरी काचेचे एक दार, दिवे आणि दाराच्या फटींतून शिरणारी दमट हवा यांचे मिळून अडीचशे वॅट धरले, तर एकूण भार सोळाशे वॅटपर्यंत जातो. आता त्याच भिंतींवर, छतावर आणि जमिनीवर ७५ मिलिमीटर जाडीचे पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे तक्ते बसवले, तर भिंती व स्लॅब मिळून पावणेदोनशे वॅटच उरतात आणि एकूण भार सव्वाचारशे वॅटच्या घरात येतो. म्हणजे यंत्र जवळजवळ चौपट लहान लागते आणि विजेचे बिलही त्याच प्रमाणात उतरते, तेही दर महिन्याला.

एक टनाचा एसी साडेतीन हजार वॅटचा असतो. इन्व्हर्टर असला आणि त्याने आपला वेग कितीही कमी केला, तरी या सव्वाचारशे वॅटच्या कामाला तो फारच मोठा आहे. तो चालू झाल्यावर काही मिनिटांत हवा थंड करील आणि थांबेल. थांबल्यावर पंखा चालू राहिला, तर कॉइलवर साचलेले पाणी पुन्हा खोलीतच उडवील. तापमानाचा आकडा बरा दिसत असताना बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांना पावसाळ्यात बुरशी का लागते, याचे उत्तर बहुधा येथे सापडते.

आता वाफेकडे येऊ. मुंबईच्या दृष्टीने मुख्य शत्रू उष्णता नव्हे, वाफ आहे. जुलैत बाहेरची हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असताना दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर पाणी धरते. माठातले गार पाणी ओतलेल्या तांब्याला बाहेरून घाम येतो, तसाच घाम आपल्या १३ अंशांच्या खोलीच्या भिंतींना येऊ पाहणार. फरक इतकाच की तो भिंतीच्या पोटात, इन्सुलेशनच्या, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या थराच्या, मागे येतो आणि म्हणून दोन पावसाळे उलटेपर्यंत दिसत नाही. पोपडे सुटतात, प्लायवूड फुगते आणि इन्सुलेशन भिजून निरुपयोगी होते. म्हणून बाष्परोधक थर हा इन्सुलेशनच्या बाहेरच्या, म्हणजे उष्ण बाजूला असला पाहिजे. थंड देशांतल्या घरबांधणीच्या पुस्तकांत तो राहत्या खोलीच्या आतल्या बाजूस दाखवलेला असतो, कारण तेथे उष्ण बाजू ती असते. ते चित्र पाहून काम करणारा सुतार आपल्या भिंतीत वाफ कोंडून ठेवतो.

प्रत्यक्षात कामाचा क्रम असा ठेवावा. बाहेरची भिंत पावसाच्या झडीची असेल, तर आधी तिची गळती बंद करावी आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. ओल्या भिंतीवर काहीही चिकटवू नये. मग भिंतीवर, छतावर आणि जमिनीवर सलग बाष्परोधक थर द्यावा. त्यासाठी दोनशे मायक्रॉनच्या आसपासची जाड पॉलिथिन किंवा अॅल्युमिनियम फॉइल चालते, मात्र तिचे सांधे एकमेकांवर चढवून चिकटपट्टीने बंद केलेले हवेत. त्यावर पफचे तक्ते, त्यांच्या फटींत फोम, आणि शेवटी आतून ओलावा सोसणारे बोर्ड, असा थर बसवावा. विजेची वायर आणि डक्ट या थरातून जेथे आरपार जातात, तेथे ठेकेदाराला समोर उभे करून प्रत्येक भोक सील करून घ्यावे. दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी हवी. खालची पट्टी राहून जाते, आणि सर्वांत जास्त हवा तेथूनच शिरते.

इतके झाल्यावर यंत्राचा विचार. डक्टच्या यंत्रणेचे ढोबळ मानाने दोन प्रकार आहेत. पहिल्यात कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, थंड कॉइल आणि पंखे हे सगळे एकाच पेटीत असते. पेटी दुसरीकडे ठेवून थंड हवा एका डक्टने खोलीत आणली जाते आणि खोलीतली हवा दुसऱ्या डक्टने परत नेली जाते. गॅस कारखान्यातच भरलेला असल्याने जागेवर तांब्याच्या नळ्या जोडण्याचे काम नसते, हा याचा मोठा गुण. दुसऱ्या प्रकारात पेटीचे दोन भाग होतात : थंड कॉइल आणि पंखा यांची पेटी खोलीजवळ राहते, कॉम्प्रेसर-कंडेन्सर दूर बाहेर राहतो, आणि दोघांना तांब्याच्या दोन नळ्या जोडतात.

आपल्या ठेकेदाराने पहिला प्रकार सुचवलेला दिसतो, आणि तीस फुटांचे अंतर त्याला परवडणारे नाही. आठ इंची डक्टवर २५ मिलिमीटर जाडीचे नायट्राइल रबर गुंडाळले, तरी तीस फूट जाणारा आणि तीस फूट येणारा असे दोन डक्ट उष्ण फॉल्स सीलिंगमधून नेताना त्यांत २५० ते ३०० वॅट उष्णता शिरते. खोलीचा सगळा भार सव्वाचारशे वॅटचा, आणि तिच्याकडे जाणारी वाटच त्याच्या निम्म्याहून अधिक खाणार, असा हा व्यवहार आहे. शिवाय असल्या यंत्रांचे पंखे लहान असतात. उत्पादक डक्टची जी कमाल लांबी देतो, ती जाण्या-येण्याची मिळून की एका बाजूची हे नीट विचारावे, आणि प्रत्येक काटकोनी वळण म्हणजे आणखी काही फूट सरळ डक्टच होय हे लक्षात ठेवावे. लवचीक डक्ट ताणून बसवला नाही आणि मध्ये झोळासारखा लोंबला, तर हवा आणखी घटते.

म्हणून आपल्या घरासाठी माझी शिफारस दुसऱ्या प्रकाराची आहे. थंड कॉइलची पेटी खोलीलगतच्या पॅसेजच्या माळ्यावर बसवावी, डक्ट पाच-सात फुटांच्या आत ठेवावेत, आणि कॉम्प्रेसर ड्राय बाल्कनीत किंवा इमारतीने एसीच्या आउटडोअर युनिटसाठी दिलेल्या कठड्यावर ठेवावा. डक्ट आखूड आणि नळ्या लांब, असा हा हिशेब आहे. तांब्याच्या बारीक नळ्यांतून होणारे नुकसान डक्टच्या मानाने किरकोळ असते आणि कॉम्प्रेसरचा आवाज ड्राय बाल्कनीतच राहतो. मात्र येथे कारागिराचे कौशल्य पणाला लागते. नळ्या जोडल्यावर नायट्रोजनने दाब देऊन गळती तपासणे आणि व्हॅक्यूम पंपाने आतली हवा व ओलावा पूर्ण काढणे, या दोन्ही गोष्टी करारात लिहून घ्याव्यात. थोडा गॅस सोडून हवा हाकलण्याची पद्धत अजूनही सर्रास चालते. कॉम्प्रेसरचे आयुष्य त्याने घटते.

पेटी माळ्यावर ठेवायची म्हणजे तिचे पाणी कोठे जाणार, हे आधी ठरवावे. पावसाळ्यात कॉइलवरून पाणी सतत टपकते. ड्रेन पाइपला उतार हवा, त्यावरही इन्सुलेशन हवे, आणि पेटीजवळ 'यू' आकाराचा सापळा हवा, अन्यथा पंख्याच्या ओढीने पाणी पेटीतच थोपून राहते. पाइप बाथरूमच्या नहाणी ट्रॅपवर मोकळा सोडावा. थेट मलनिःसारणाच्या नळीत जोडला, तर जानेवारीत सापळा आटला की तिचा वास वाइनच्या खोलीत येईल. पेटीखाली दुसरा ट्रे आणि पाणी भरताच यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच यांचा खर्च फॉल्स सीलिंगच्या दुरुस्तीपेक्षा निश्चितच कमी आहे.

क्षमता किती घ्यावी? सव्वाचारशे वॅटमध्ये आखूड डक्टचे पन्नास-साठ वॅट आणि थोडी राखीव मिळवून सहाशे ते सातशे वॅट पुरे. पण ही क्षमता खोलीत १३ अंश आणि कंडेन्सरवर येणारी हवा ३८ ते ४० अंश असताना मिळाली पाहिजे. बंदिस्त ड्राय बाल्कनीत एप्रिलच्या दुपारी, शेजारीच हॉलच्या एसीचे आउटडोअर युनिट गरम हवा फेकत असताना, ४० अंश सहज होतात. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा याहून सौम्य हवेतला असतो, म्हणून विक्रेत्याकडून या दोन तापमानांचा तक्ताच मागावा. तो नसेल, तर यंत्र कितीही नामांकित असो, घेऊ नये. राखीव क्षमतेचा अतिरेक मात्र करू नये; जे यंत्र दिवसातून बराच वेळ शांतपणे चालते, ते पाच मिनिटे चालून अर्धा तास थांबणाऱ्या यंत्रापेक्षा हवा अधिक कोरडी ठेवते. पहिल्या दिवशी ३०० बाटल्या तीस अंशांवरून तेरावर आणायला दीड-दोन दिवस लागले, तर ते यंत्राचे दुबळेपण समजू नये.

अमेरिकेतून यंत्र मागवत असाल, तर आणखी एक खबरदारी घ्यावी. तेथली बरीच यंत्रे ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर चालतात, आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ५० हर्ट्झसाठीच बनवलेले मॉडेल मागावे, आणि त्याचा पंखा, कंट्रोल बोर्ड व कॉम्प्रेसर येथे बदलून कोण देणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्यावे.

वीज गेली तर काय, असेही आपण पत्राच्या तळटीपेत विचारले आहे. १२ ऑक्टोबर २०२० सारखा, शहरभर वीज जाण्याचा दिवस मुंबईत विरळाच, पण इमारतीतला बिघाड होऊ शकतो. इन्सुलेशन वर सांगितल्याप्रमाणे असेल आणि दार उघडले नाही, तर ३०० बाटल्यांतली वाइन सुरुवातीला तासाला सुमारे एक ते दीड अंश या वेगाने तापेल आणि फरक कमी होत जाईल तसा हा वेग मंदावेल. दोन-चार तासांसाठी जनरेटरचा विचार करण्याचे कारण नाही.

प्रश्न : आमच्या वाइनच्या खोलीची दिवाणखान्याकडील बाजू जमिनीपासून छतापर्यंत काचेची आहे, आठ फूट बाय नऊ फूट. डक्टची यंत्रणा गेल्या वर्षी बसवली. जून ते सप्टेंबर काचेवरून अक्षरशः पाणी ओघळते आणि लाकडी फरशी काळी पडली आहे. यंत्र लहान पडते आहे का? मोठे बसवावे का?
— एक वाचक, वरळी

उत्तर : आतले तापमान १३ अंशांवर टिकत असेल, तर यंत्र लहान नाही, आणि मोठे बसवल्याने ओघळणारे पाणी थेंबानेही कमी होणार नाही. दोष काचेचा आहे.

आपण काचेचा प्रकार कळवलेला नाही, पण वर्णनावरून ती एकेरी टफन्ड काच असावी. आत १३ आणि बाहेर ३० अंश असताना एकेरी काचेच्या दिवाणखान्याकडील पृष्ठभागाचे तापमान १८ अंशांच्या आसपास राहते. पावसाळ्यातल्या हवेचा दवबिंदू २६, म्हणजे पाणी धरणारच. आता गंमत पाहा : दिवाणखान्याचा एसी चालू असून तेथे २५ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता असेल, तर दवबिंदू १५ अंशांच्या जवळ उतरतो आणि काच १७ अंशांवर राहते, म्हणून ती जेमतेम कोरडी दिसते. ज्या दिवशी आपण एसी बंद करून बाहेर जाता आणि खिडक्या उघड्या असतात, त्या दिवशी पाणी वाहते. काचेचा नमुना दाखवताना दालनात एसी चालू असतो, हेही यात आले.

साधी दुहेरी काच बसवली, तर हाच पृष्ठभाग २४ अंशांपर्यंत वर येतो. एसी चालू असलेल्या दिवाणखान्यात ती अगदी कोरडी राहील, पण एसी बंद असताना भर पावसाळ्यात तिलाही दव धरेल. मधल्या पोकळीत आर्गॉन वायू भरलेली आणि उष्णता परतवणारा पातळ लेप दिलेली दुहेरी काच घेतली, तर पृष्ठभाग साडेसव्वीस अंशांच्या पुढे जातो आणि बहुतेक दिवस निभावतात. अॅल्युमिनियमची चौकट मात्र आतून बाहेर सलग असू नये. काच कोरडी आणि चौकट ओली, असा प्रकार त्यामुळे होतो.

काच बदलण्याने विजेचाही हिशेब बदलेल. एवढ्या एकेरी काचेतून सातशे वॅटहून अधिक उष्णता आत येते, म्हणजे बाकी सगळी खोली उत्तम इन्सुलेट केली असली, तरी एकटी काच तिच्याहून जड पडते. तोवर एक काम लगेच करता येईल : थंड हवेचे ग्रिल काचेच्या दिशेने फुंकत असेल, तर त्याची पाती भिंतीकडे वळवावीत. घर बंद ठेवून गावाला जाताना खोलीचे तापमान १६ अंशांवर ठेवले, तरी वाइनचे बिघडत नाही आणि काचेवर धरणारे पाणी थोडे कमी होते.

प्रश्न : माझ्याकडे वाइन नाही आणि मी ती घेतही नाही. आमच्या डोक्यावरच्या सदनिकेत मालकांनी दोन वर्षांपूर्वी वाइनची खोली केली. तेव्हापासून आमच्या बेडरूमच्या छताचा एक चौकोनी तुकडा पावसाळ्यात ओला होतो आणि त्यावर काळे ठिपके येतात. सोसायटीच्या प्लंबरने वरच्या बाथरूममधली गळती म्हणून निदान केले, फरशा उखडून झाल्या, पण डाग तसाच. याला जबाबदार कोण?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : जबाबदारीचा निवाडा या सदरात करता येणार नाही, पण कारण बहुतेक सांगता येईल. 'चौकोनी' या आपल्या एका शब्दात ते आले आहे. पाण्याची गळती चौकोनात होत नाही. ती नळीच्या किंवा स्लॅबच्या तड्याच्या वाटेने पसरते. आपल्या छतावरचा डाग वरच्या वाइनच्या खोलीच्या मापाचा निघाला, तर त्या खोलीच्या जमिनीला इन्सुलेशन नाही असे समजावे.

वर १३ अंश आणि खाली ३० अंश असताना सहा इंची उघड्या स्लॅबच्या खालच्या बाजूचे तापमान २४ अंशांच्या घरात येते. आपल्या बेडरूममधल्या पावसाळी हवेचा दवबिंदू त्याहून वर असल्याने आपल्याच खोलीतली वाफ आपल्याच छतावर पाणी होऊन बसते. वरून थेंबही झिरपत नाही, म्हणून प्लंबरला काही सापडले नाही.

खात्री करून घेणे सोपे आहे. दुरून तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन डागाच्या आत आणि डागाबाहेर छताचे तापमान मोजावे. चार-पाच अंशांचा फरक दिसला, तर शंका उरत नाही. वरच्यांना तीन-चार दिवस यंत्र बंद ठेवण्याची विनंती करून छत कोरडे होते का, हेही पाहावे. जानेवारीत डाग आपोआप वाळत असेल, तर तोही पुरावाच.

उपाय वरच्या घरातच आहे. त्यांच्या जमिनीवर ५० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस, म्हणजे दाब सोसणारा कडक फोम टाकून त्यावर फरशी केली, तर आपल्या छताचे तापमान २९ अंशांपर्यंत येते आणि दव धरण्याचे कारणच राहत नाही. खालून आपल्या छताला रंग, वॉटरप्रूफिंग किंवा फॉल्स सीलिंग करून पैसे घालवू नयेत. फॉल्स सीलिंगने तर ओल नजरेआड होऊन वाढेल. वरच्या शेजाऱ्यांशी बोलताना ३०० बाटल्या, रॅक आणि लाद्या यांचे वजन स्लॅबला झेपते का, हेही विचारून ठेवावे. भरलेली बाटली सव्वा किलोच्या पुढे असते, आणि राहत्या घराच्या स्लॅबचे आराखडे चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून केलेले असतात. लहान साठ्याला अडचण नसते, पण हजार बाटल्या एका भिंतीला रचल्या असतील, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवावे.

प्रश्न : आमच्याकडे सर्व काही आपण पूर्वी लिहिल्याप्रमाणे केले आहे : इन्सुलेशन, बाष्परोधक थर, आखूड डक्ट. आता उलटेच झाले. आर्द्रतामापक जानेवारीत ४२ टक्के दाखवतो. बुचे वाळतील का? ह्युमिडिफायर घ्यावा का?
— एक वाचक, शिवाजी पार्क

उत्तर : खोली चांगली बंद झाली आहे, असा याचा अर्थ. बाहेरची वाफ आत येत नाही आणि कॉइल आतली वाफ काढत राहते, म्हणून आकडा उतरतो. आडव्या ठेवलेल्या बाटलीचे बूच आतून वाइनने भिजलेले असते, त्यामुळे महिना-दोन महिने ४२ टक्क्यांनी घाबरण्याचे कारण नाही. वर्षानुवर्षे पन्नासच्या खाली राहिले, तर विचार करावा. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांना तर याचा काहीच फरक पडत नाही, आणि नाशिककडच्या कितीतरी बाटल्या आता त्याच झाकणाच्या असतात.

ह्युमिडिफायर घेण्याआधी मापक तपासावा. एका वाटीत मीठ घेऊन ते ओले होईल इतकेच पाणी घालावे, वाटी आणि मापक एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवावेत; मापकाने ७५ टक्के दाखवले पाहिजेत. मापक खरा असेल, तर पंख्याचा वेग किंचित वाढवता येतो का हे तंत्रज्ञाला विचारावे, कारण कॉइल कमी थंड राहिली की पाणीही कमी काढते. डक्टमध्ये ह्युमिडिफायर बसवून देण्याचा आग्रह होईल. मुंबईत वर्षाकाठी पाच-सहा आठवडे लागणाऱ्या गोष्टीसाठी पाण्याची नळी डक्टमध्ये नेऊ नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : माझ्याकडे एकूण साठ बाटल्या आहेत. डक्टची यंत्रणा करावी का?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : करू नये. साठ बाटल्यांसाठी वाइनचे कपाट, म्हणजे वाइन कूलर, घ्यावे. घेताना पाटीवर हवामानाचा वर्ग पाहावा : 'टी' वर्गाचे कपाट भोवतालच्या ४३ अंशांपर्यंत काम करण्यासाठी बनवलेले असते, तर 'एन' वर्गाचे ३२ अंशांपर्यंतच. परदेशातून स्वस्तात आणलेले कपाट बरेचदा 'एन' निघते आणि मे महिन्यात दम टाकते. मागे आणि वर हवेला जागा सोडावी; सुताराने बेमालूम कोंडून टाकलेले कपाट वर्षभरात बिघडते. त्या साठांतल्या किती बाटल्या खरोखर पाच-दहा वर्षे ठेवायच्या आहेत, हेही पाहावे, कारण आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच केलेल्या असतात आणि त्यांना फ्रीज पुरतो.

महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी परवाना लागतो आणि घरात ठेवता येणाऱ्या साठ्यालाही मर्यादा आहे. साठ असोत वा सहाशे, कपाटाची किंवा खोलीची मागणी नोंदवण्यापूर्वी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जवळच्या कार्यालयात जाऊन आपल्या परवान्यावर किती बाटल्या ठेवता येतात, ते विचारून घ्यावे आणि तेवढ्याच मापाचे कपाट घ्यावे.